सोनूच्या पायाएवढी जागा

।। श्री ।।
दहिवली, कर्जत
ता. ५ जानेवारी २०२५

चि. सोनूस पदूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी तब्येत कशी आहे? पाय ठणकायचा थांबला का? तुझ्या लेकाचं, योगेंद्रचं पित्त उतरलं का? तुझ्या सूनबाईचा, प्राचीचा खोकला गेला का? इकडे आमचा ओमकार आणि सूनबाई हर्षला खुशाल आहेत. मीही बरा, फक्त जिवाला स्वस्थता नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, नुसतं हो हो करतेस, म्हणून हे लिहितोय. आपला हरेश रसायनीला कामावर जाताना चौकवरूनच जातो, त्याच्याजवळ देतो.

काल कळंबला आपल्या थोरल्या ठमीताईला बघून आलो. दोन घास पेज, बस्स. कूस बदलायलाही माणूस लागतो. शुद्ध मात्र लख्ख. मी उंबऱ्यात पाय ठेवला की ती माझ्या मागं बघते आणि एकटाच आलास काय म्हणून विचारते. तू पडलीस, पायात सळई बसवली, आता गुडघा वाकत नाही, हे तिला सगळं समजतं गं. पण डोळे दाराकडेच.

तर ऐक. ओमकार गाडी घेतोय. आमच्या आळीत मोठी गाडी वळत नाही, म्हणून लहानच घेणार. मी त्याला बजावलंय, माझ्या बहिणीचा पाय ज्या गाडीत मावेल तीच दारात उभी राहील. तू असं कर, कमरेपासून टाचेपर्यंत दोरा लाव आणि तेवढा तोडून पाठव. तुला आणायला मी स्वतः येणार. आपल्यात बहीण माहेरच्या माणसाबरोबरच येते, एकटी नाही.

उत्तर हरेशच्या हाती देशील, ही आशा.
तुझा पदूदादा

चौक, ता. खालापूर
ता. ७ जानेवारी

ती. दादास सोनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दोरा पाठवते. माप घेताना प्राची माझ्यावर वरडली, म्हनाली असं आडवं पाडून माप मानसाचं कधी घेतात ते ठाव नाय काय? मी म्हटलं, गप गं, माझा भाऊ गाडीला घेतोय, तिरडीला नाय.

पन दादा, मला काय भरवसा वाटत नाय. मागच्या म्हयन्यात योगेंद्रनं भाड्याची गाडी आनली होती, ताईकडंच न्यायला. तुला मुद्दाम कळवलं नाय. एक पाय आत, एक भाईर. योगेंद्र ढकलतोय, डायवर पलीकडून ओढतोय, आनि मी पोत्यात बांबू कोंबावा तशी आडकलेली. सगळा नाका बघत होता. शेवटी उलटी भाईर काढली नि घरात आनून ठेवली. त्या दिवशी मी जेवले नाय.

योगेंद्र म्हनतो अँबुलन्स करू. मी नाय म्हटलं. कळंबच्या दारात अँबुलन्स हुबी राहिली तर लोक आधीच रडायला लागतील, नि ताई आतून ऐकंल. तिला काय वाटंल?

रात रात डोळ्याला डोळा लागत नाय. ताईनं मला कडेवर वागवलंय. तिला सांग, सोनू येनार. कशी येनार ते मला इचारू नको.

माया हाय ती तशीच ठेव.
तुजी सोनू

दहिवली
ता. १० जानेवारी

चि. सोनूस आशीर्वाद. वि. वि.

दोरा मिळाला. तो खिशात घालून तीन गाड्या बसून बघितल्या. माझं हे प्रकरण बघून शोरूममधली समीक्षा नावाची पोरगी आधी हसली, मग तिनंच दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.

पहिली गाडी दिसायला नवरीसारखी. पण आत बसलो ते पाटावर बसल्यासारखं खाली. गुडघे वर, टोपी छताला घासली, आणि उठताना तोंडातून आई गं निघाली. दुसरीत मागं पाय पसरायला जागा बरी, पण सीट एवढी आखूड की अर्धी मांडी अधांतरी. शिवाय गादी इतकी मऊ, की एकदा रुतलीस की तुला काढायला पुन्हा तो नाका गोळा करावा लागेल. तिसरी उंच, चौकोनी, धान्याच्या कोठीसारखी. ओमकारला तिचं रूप पसंत नाही. मला मात्र बरी वाटली. दार सताड उघडतं, सीट खुर्चीएवढी उंच, टेकलं की बसलं. पण मागच्या सीटवर दोरा लावला तर पुढच्या सीटच्या पाठीला जाऊन थटला, वीतभर शिल्लक. तिरका लावला, आडवा लावला, दोन्ही दारांकडून लावला. नाहीच.

रागानं मी त्या सीटवर बुक्की मारली. समीक्षा बिचारी घाबरून पाणी घेऊन आली.

आता परवा पनवेलला जाऊन आणखी बघतो. ताई काल पेजही नको म्हणाली. सोनू, मला घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. ओसरीवर येरझाऱ्या घालतो म्हणून हर्षला मला टोकते.

तुला काही सुचलं तर कळव.
पदूदादा

चौक
ता. ११ जानेवारी

ती. दादास नमस्कार. वि. वि.

हरेश दारात खोळंबलाय, म्हनून थोडक्यात लिवते. तीन गाड्या बघितल्यास, तिन्हींची मागची सीट मोजलीस. पुढच्या सीटवर दोरा लावलास काय? पत्रात तर काय दिसत नाय. पुढं कोन बसनार हाय रं दादा?

पनवेलला जाऊ नको.
सोनू

दहिवली
ता. १३ जानेवारी

चि. सोनूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुढं मी बसणार होतो गं. दुसरा कोण? आणायला जाणारा पुरुष पुढं, बायका मागं, हे आपल्याकडं इतकं ठरलेलं की मी दोरा घेऊन मागचंच दार उघडत राहिलो. ओमकारला विचारलं, तर त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. हर्षला म्हणाली, तिच्या आलं होतं, पण मामंजींना कोण सांगणार?

तडक शोरूमला गेलो. त्या कोठीसारख्या गाडीची पुढची डावी सीट समीक्षानं मागं सरकवली, पाठ थोडी कलती केली. दोरा लावला. सरळ पडला, वर मूठभर जागा उरली.

गाडी तयार होती, पण ओमकारच्या सासूबाईंचा निरोप आला, पौष चालू आहे, नवीन वाहन माघातच आणा. तुला ठाऊक आहे, पंचांगाशिवाय मी पेरणीलाही हात लावला नाही. पण ताईला माघापर्यंत थांब म्हणून कोण सांगणार? मी म्हटलं, दोष लागला तर मला लागू दे. ओमकारनं सही केली. आज गाडी दारात आहे.

पुढची सीट तुझ्यासाठी सरकवलेली, तशीच ठेवून मी तिच्या मागं बसून कळंबपर्यंत गेलो. गुडघे हनुवटीला आले आणि समोर नुसती सीटची पाठ. तुझी वहिनी उभा जन्म अशी मागं बसली, कधी बोलली नाही. परत येताना मी ओमकारच्या मागं सरकून बसलो, तिथं जरा बरं आहे. तुझ्याबरोबर येताना तिथंच बसेन.

ताईला सगळं सांगितलं. सोनू पुढं बसून येणार म्हटल्यावर तिनं कितीतरी दिवसांनी डोळे मोठे केले. आपण जल्मात कधी पुढं बसलो नाय म्हणाली. पुढं बसल्यावर समोरून येणारं सगळं आधी दिसतं काय, असं मला विचारलं. मी दिसतं म्हणालो. तर म्हणाली, मंग सोनूला सांग, वाटंत काय काय दिसलं ते नीट बघून ये, नि मला सांग.

परवा बुधवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. उन्हं वर यायच्या आत निघू. तयार आहेस ना, एवढं हरेशजवळ लगेच लिहून पाठव. वाट बघतोय.
तुझा पदूदादा