जनीमावशीला पेत्र पटत नाही

१ नोव्हें. ८७, रवि.
पुन्हा तेच. चिठ्ठ्या टाकल्या, प्रार्थना झाली, माझी जोडी दाऊदकाकांबरोबर. चर्चच्या तरुण संघाचं हे नवीन खूळ काकांचंच. उपासना संपली की दोघादोघांनी बाहेर पडायचं, अनोळखी माणसाला येशूबद्दल सांगायचं, पत्रिका द्यायची. मुलगे मुलग्यांबरोबर, मुली मुलींबरोबर. म्हणजे सु. (लोंढे मास्तरांची सुलभा, पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही) माझ्या जोडीला येणं शक्यच नाही. तरी चिठ्ठी उघडताना तिच्याकडे बघितलं. मूर्ख.
कल्याण, एसटी स्टँड. काका रसवाल्याशी असे बोलायला लागले जसा काही त्यांचा भाचाच. मी एका माणसासमोर जाऊन उभा. तो भिवंडीची गाडी बघत होता. "नमस्कार" म्हणालो. पुढचं सगळं गायब. त्यानेच विचारलं, भिवंडी गेली का? म्हटलं, आत्ताच गेली. मला काय माहीत गेली की नाही! पत्रिका त्याच्या पिशवीवर ठेवली आणि मुतारीत जाऊन उभा राहिलो. तिथेही रांग.

३ नोव्हें., मंगळ.
जेवताना पपा. रेयॉन कंपनीतून शिफ्ट करून येतात, दिवसाला मोजकं बोलतात, पण बोलले की लागतं. "प्रोफेसरची कॉलर धरताना तोंड चाललं. कॉलेज सोडून आलास तेव्हा चाललं. दुकानात गिऱ्हाइकाशी भांडताना चालतं. येशूचं नाव घ्यायचं म्हटलं की दातखिळी?" आई म्हणाली, अहो, जेवू द्या त्याला. मी ताट सरकवून उठलो.
बरोबर बोलले म्हणूनच राग आला.
विचार केला. भांडताना मला भीती का नाही वाटत? कारण समोरच्याला मी आवडावं अशी गरजच नसते. इथे उलटं. त्याने हसू नये, हाकलू नये, "तुमच्यात आलं की किती पैसे देतात रे" असं विचारू नये. शाळेत हेच ऐकत वाढलो.
आणि दुसरं, लिहूनच टाकतो. सु. नसती तर मी या संघात गेलो असतो? नाही. मग मी तोंड उघडणार ते कोणासाठी? प्रभूला माहीत आहेच. त्याला काय वाटत असेल ते

८ नोव्हें., रवि.
फुल्ल तमाशा.
आज शहाडचा बाजार. एक कोळीण, पन्नाशीची, पाटीत बोयी मासे आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. काका पुढे गेले. मी गुपचूप पाचसहा पत्रिका तिच्या पाटीच्या कडेला ठेवल्या आणि सटकलो. मनात म्हटलं, वाचेल की. परत येताना बघतो तर बाई त्याच पत्रिकेत मासे बांधून देतेय. क्रूसाच्या चित्रावर बोयीचं डोकं. डोकं फिरलं. गिऱ्हाइकाच्या हातातून पुडी ओढली, म्हटलं, देवाचा कागद आहे हा, कळतं का काही?
तिचा आवाज माझ्या दुप्पट.
"देवाचा कागद हाय तं माज्या पाटीवर टाकून पलालास कनाला? मना वाचता येत नाय. सांगायचं तं तोंडान सांग. नसंल सांगायचं तं आजून दे, कागद जाड हाय."
सगळा बाजार हसला. एक जण म्हणाला, इलेक्शन आलं काय? काकांनी कोपर धरून मला बाहेर काढलं आणि घरापर्यंत हसत राहिले. साठीचा माणूस, खोकला येईपर्यंत हसतो.
मला झोंबलं ते वेगळंच. पलालास कनाला. पळालास कशाला.

११ नोव्हें., बुध.
सु.ला सगळं कळलंय. आमच्या चाळीच्या लायनीत रविवारी पोरांची शब्बाथशाळा घेते, तिथल्या पोरांनी नाटकच करून दाखवलं म्हणे: एक कोळीण, एक मी. हसली, पण नंतर गंभीर होऊन म्हणाली, अरे, कोळणीला कोळ्याची गोष्ट सांग ना. येशूचा शिष्य पेत्र कोळीच होता.
हे मला का सुचलं नाही?
संध्याकाळी उल्हास नदीवर जाऊन मोठ्याने म्हणून बघितलं. समोर म्हशी. त्यांच्यासमोर एकदम फर्स्ट क्लास.

१४ नोव्हें., शनि.
दुकान दुपारी बंद. एकटाच शहाडला गेलो. पत्रिका मुद्दाम घरी ठेवल्या. बाजाराला दोन चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी तिनेच हाक मारली. "ए देवाच्या कागदवाल्या, काय हेरतोस?" नाव जनी. सगळे जनीमावशी म्हणतात. म्हटलं, मावशी, गोष्ट सांगायचीय. म्हणाली, सांग, माशा हाकलत सांग. हातात पुठ्ठा दिला.
सुरुवात केली. पेत्र नावाचा कोळी, रात्रभर जाळं टाकलं, काही नाही.
"भरती कवा होती?"
माहीत नाही.
"पुनव का अमावस?"
तेही नाही.
"मंग तुना माहीत काय हाय?"
म्हटलं, ऐका तर. येशू, सुताराचा मुलगा, होडीत बसला, म्हणाला, खोलात ने, आता टाक. दिवसाढवळ्या. मावशीने शेजारणीला ऐकवलं, सुताराच्या पोराचं ऐकून दिवसा जाळं टाकलं बग. मी घाईघाईने पुढे. मासे एवढे की जाळं फाटायला आलं, दुसऱ्या होडीला खुणावून बोलावलं. इथे तिचे हात थांबले. "हां, तसंच करतात," म्हणाली. "मंग?"
तो "मंग" ऐकला आणि लक्षात आलं, घाबरायचं राहूनच गेलंय. पुठ्ठा हलतोय, तोंड चालतंय. काय वाटलं ते लिहिता येत नाही.
मग शेवट. सगळ्यात भारी भाग, म्हणून आवाज चढवला. होड्या किनाऱ्याला लावल्या, सगळं तिथेच सोडलं आणि येशूच्या मागे निघून गेले!
"ता मावरं?"
मासेही सोडले.
"आन घरची बाय? पोरं?"
मी पुठ्ठा हलवत राहिलो.
मावशीने कोयता खाली ठेवला. तिचा दादला असाच गेला. खाडीतली रेती काढायच्या ड्रेजरवर काम आहे म्हणाला, होडी किनाऱ्याला लावली, गेला तो गेलाच. पोरगी तेव्हा अंगावर पीत होती, आता तिचं लग्न झालंय. हे ती मला नाही, पाटीतल्या माशांना सांगत होती. मग वर बघितलं.
"तुजा देव बाप्यांना घरातनं उठवून नेतो, आन तू ता हसत सांगतोस. ऊठ हितनं."
उठलो. पुठ्ठा हातातच राहिला.

१५ नोव्हें., रवि.
संघात सगळ्यांसमोर विचारलं: पेत्र निघून गेल्यावर त्याच्या घरच्यांनी काय खाल्लं? काका म्हणाले, प्रभूने काहीतरी सोय केली असेल.
भडकलो. "असेल? काका, ती बाई हे 'असेल' चुलीवर ठेवणार आहे?"
मागच्या बाकावरून सु.चा आवाज. पेत्राची सासू तापाने पडली होती, येशूने तिला बरं केलं, ते आहे. सासू होती म्हणजे बायको होती. "तिचं नाव मात्र कुठेच नाही."
नंतर नळापाशी भेटली. एकटी. म्हणाली, तुझ्या कोळणीचा प्रश्न माझाच आहे. नगरहून स्थळ आलंय. सुवार्तिक आहे. गावोगाव फिरतो, माणसं जमवून बोलतो, महिनामहिना घरी नसतो. मास्तरांना फार पसंत. नाताळच्या आत उत्तर द्यायचंय.
मी म्हणालो, "चांगलं आहे."
चांगलं आहे! एवढंच सुचलं मला.

१८ नोव्हें., बुध.
झोप नाही. भूक नाही. दुकानात ट्यूबलाइट फोडली, शेठने नुसतं बघितलं.
डोक्यात सारखं: मास्तरांकडे जावं, सांगावं, बघा, सुवार्तिकांच्या बायकांचं असं होतं. शहाडला एक बाई आहे, तिला विचारा. एका घावात नगर साफ.
आणि मग स्वतःचीच किळस. ती बाई एवढं बोलली आणि मी तिचा दगड करून त्या माणसावर भिरकावणार? त्याला मी पाहिलंही नाही. नीट बोलत असेल. माझ्यासारखा म्हशींसमोर नसेल बोलत.
दाऊदकाका दुकानात आले. सांगून टाकलं, संघ सोडला, मला जमत नाही. कारण विचारतील म्हणून तयार होतो. त्यांनी एक होल्डर मागितला, वर पिवळा बल्ब, आणि गेले. बल्ब लावूनसुद्धा बघितला नाही.
सु. नगरला जाणार. मग मी कोणासाठी

२१ नोव्हें., शनि.
सायकल काढली ती दुर्गाडी किल्ल्याकडे जायला. शहाडला कशी गेली माहीत नाही. सु.ला सांगायचं नाही, काकांना सांगायचं नाही, हे वाटेत ठरवलं. कोणी शाबासकी देणार नाही, तरी जातोय. का, ते मलाच बघायचं होतं.
जनीमावशी: "आलास? पुठ्ठा आनलास?"
नव्हता आणला. उभ्याउभ्याच म्हणालो, मावशी, त्यांच्या बायकांनी काय खाल्लं मला माहीत नाही. लिहिलेलं नाही. मी हसत सांगितलं ते चुकलं. एवढं मात्र आहे, की पेत्राची सासू तापाने फणफणली होती आणि येशू तिच्या घरी गेला, तिला बरं केलं.
"सासूला?"
सासूला.
जराशी सरकली. मी बसलो. मग पुढचं सांगितलं. येशूला धरून नेलं तेव्हा हाच पेत्र एका मोलकरणीसमोर म्हणाला, मी त्याला ओळखतच नाही. एवढा दांडगा कोळी, पण फाटली. मग क्रूस, मग कबर, मग येशू पुन्हा उठला. पेत्र तोंड लपवून परत मासे मारायला गेला. पहाटे बघतो तर येशू किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे भाजत बसलाय. ओरडला नाही, म्हणाला, या, खाऊन घ्या.
मावशीने दोन चिंबोऱ्या वेगळ्या काढल्या. मग, "होडी होती म्हनजे आजून. कुनी राखली?" मी म्हटलं, माहीत नाही. तिचं तिनेच ठरवलं: बायकोनंच.
इतक्यात एक जण मध्ये आला, गळ्यात रुमाल, म्हणाला, काय चाललंय, धर्म बदलवताय काय बाईचा? माझी मूठ वळली. मावशी म्हणाली, "गोष्ट ऐकतंय मी. तुना बोय घ्यायची तं घे, नाय तं वारा सोर." तो गेला. मी पळालो नाही.
मग जे बोललो ते पाठ केलेलं नव्हतं. कॉलेज सोडलं तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. रोज नदीवर जाऊन बसायचो, डोक्यात वाईट विचार. एका संध्याकाळी एकदम वाटलं, माझ्यावर न चिडलेला कोणीतरी इथे आहे. बस एवढंच. आवाज नाही, उजेड नाही. मावशी, मी ज्याच्याबद्दल सांगतो तो हा.
हे मी पपांनासुद्धा सांगितलेलं नाही. सु.लाही नाही.
मावशीने चिंबोरीचे आंगडे (नांग्या) बांधले. मग म्हणाली, "तुजा येशू बरा हाय. पेत्र मना पटत नाय."

२५ नोव्हें., बुध.
आईला माझ्या शर्टाला मासळीचा वास आला, तिने ते लोंढे मास्तरीणबाईंना सांगितलं, तिथून सु.ला. या लायनीत वासालाही पाय असतात. सु. दुकानाच्या पायरीशी आली. पुन्हा गेलेलास? म्हटलं, हो. कोणाबरोबर? एकटा. मग म्हणाली, मला ने तिच्याकडे.
कशाला?
"विचारायचंय."

२८ नोव्हें., शनि.
गेलो. सु. रिक्षाने, मी सायकलवर. चिठ्ठी नाही, जोडी नाही, कोणाला सांगितलं नाही.
मला वाटलेलं मी बोलेन. गरजच लागली नाही. सु. सरळ मावशीच्या पाटीशी उकिडवी बसली आणि विचारलं, एकटीने कसं काढलंत? मावशीने आधी तिच्या साडीकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाली, पोट कसंबी भरतं बाय, राग भरत नाय. दार वाजलं की वाटायचं आला. तो मेला आसता तं रडून मोकली जाले आसते. हे पाटी सारखी करत, सुट्टे देत, मध्ये एका गिऱ्हाइकाला शिवी घालत. सु.ने मान खाली घातली. मग तिने विचारलं, मावशी, मी प्रार्थना करू का तुमच्यासाठी? मावशी म्हणाली, कर, पण मोठ्यान नको, गिऱ्हाईक हाय. तिथेच, माशांच्या वासात, सु.चे ओठ हलत होते. माझेही. शेवटी मावशीने दोन्ही हात जोडले, कुठल्या देवाला ते मी विचारलं नाही.
नगरला काय कळवलं, तेही विचारलं नाही. सकाळपासून जिभेवर आहे.
निघताना मावशी मला म्हणाली, "आन ही कोन तुजी?"
सु. चिंबोऱ्यांकडे बघत राहिली. इकडे बघेना, उठेना.
मी म्हटलं, आमच्या चर्चमधली आहे.
मावशी म्हणाली, "ता मी नाय विचारलं."