दार ओढून घ्यायची सवय

३ जून
सकाळची ड्यूटी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मशीनचा पट्टा दोनदा तुटला, दोनदा जोडला. पाठ गेली कामातून. घरी आलो तं कांचन फोनवरचा मायचा फोटो पाहत बसली होती. उमरखेडले सासूबाई वारून महिना झाला. रडू लागली. मी उठलो, बाहेर आलो, दार ओढून घेतलं. लग्नाले बारा वर्षं झाली, हेच करून राह्यलो.

४ जून
बायको बोलत नाही. डबा पोरीच्या, मीनूच्या हातानं दिला. आत माझ्या आवडीची जवसाची चटणी होती, म्हणजे राग अर्धाच आहे.

६ जून
बोलली एकदाची. भांडी घासता घासता, माझ्याकडं न पाहता. "माही माय गेली त्या दिवशीही तुमी दार लावून बाहेर गेलते. तुमच्या पोटात माया हाये का नाई?"
काय सांगू. पाचवी ते दहावी केळापूरकडं पोट्ट्यांच्या वसतिगृहात काढली. एका खोलीत चौदा जण. कोणी रडू लागला का बाकीचे तेरा गुपचूप उठून बाहेर. शेवटचा असन त्यानं दार ओढून घ्यायचं. कोणी पाहायचं नाही, मागून चिडवायचं नाही, आणि जेवताना त्याले पहिली पोळी. आम्हाले माया म्हणजे एवढीच माहीत. तेच कांचनले देत होतो.
हे तिले सांगायचं होतं. ड्यूटीची वेळ झाली म्हणालो.

९ जून
मीनूच्या पाचवीचा फॉर्म आणला कांचननं. पोरींची निवासी शाळा. निकाल चांगला लागते म्हणे. आमचाही चांगलाच लागे.
आज मात्र सांगून टाकलं, चौदा पोट्ट्यांचं. ऐकून घेतलं तिनं. मंग म्हणे, "तेरा जणांतून एकालेही जवळ बसावं वाटलं नाई?"
वाटे. पण बसलं असतं तं त्याले लाज वाटली असती, मी म्हटलं.
"मले नाई वाटत लाज," म्हणाली.


१५ जून
साळ्यानं एसटीनं सासूबाईंची गोधडी पाठवली. मी घरी पोचलो, पायरीवर बूट काढत होतो. तेवढ्यात मीनू आतून आली न हळूच दार ओढून घेतलं. "बाबा, आई रडून राह्यली. आत जाऊ नका."
दहा वर्षांची पोरगी. वसतिगृह डोळ्यानं पाह्यलं नाही तिनं. माझंच पाहून शिकली. लई वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला.
दार उघडून आत गेलो. कांचनच्या बाजूले बसलो. हाताचं काय करावं समजेना, तं गोधडीचं टोक धरून बसलो. ती उठली नाही. मीनू उंबऱ्यातच उभी. तिले ये म्हणायचं राहून गेलं.

१६ जून
फॉर्मची परवा शेवटची तारीख. कांचनची सही झाली, माझी नाही. थकून गेलो या विचारानं.
वेणी घालून घेता घेता मीनूनं विचारलं, "तुमी कधी रडले का बाबा, शाळेत?"
रडलो होतो, म्हटलं. पहिल्याच आठवड्यात.
"मंग बाहेर कोणी थांबलं होतं का, तुमचं रडून होईलोक?"
दिवसभर आठवून राह्यलो. माहीत नाही. दार बंद होतं.