खडकावरच्या एकशे पंचेचाळीस गोगलगायी

अमरावती, शुक्रवार

तीर्थस्वरूप धर्मपाल मामांना दीक्षाचा सविनय जय भीम.

तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो असं मामींनी आईला कळवलं, ऐकून बरं वाटलं. उजव्यानेही थोरल्या भावाचं ऐकावं. मामींचा चष्मा सापडला असेलच. (नसेल तर फ्रिजवर बघा, मागच्या दोन्ही वेळा तिथेच होता.) इकडे आम्ही ठीक आहोत. बाबांना निवृत्तीनंतर काय करावं हा प्रश्न पडला होता, तो त्यांनी दुपारी झोपून सोडवला. फोन सोडून पत्र का लिहिते, असं तुम्ही विचाराल. कारण फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याच्या मधेच 'शाबास' म्हणता, आणि या वेळची माझी वाक्यं शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागतील.

मी समुद्रकाठच्या खडकांवरच्या गोगलगायींवर पीएच.डी. करते, हे तुम्ही अर्ध्या अकोल्याला सांगितलंच आहे. इथून समुद्र एक रात्र आणि अर्धा दिवस लांब, त्यामुळे शेजारीपाजारी अजूनही विचारतात, की वडाळी तलावावर भागलं नसतं का. त्यांना मी उत्तर देत नाही. काम तसं साधं आहे. ओहोटी लागली की खडकावर अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट ठेवायची, आतल्या गोगलगायी मोजायच्या, वहीत लिहायच्या, पुढच्या खडकावर जायचं. अशा दोनशे चाळीस चौकटी मी आणि सागरने मिळून केल्या. (सागर म्हणजे माझ्यासोबत काम करणारा मुलगा. नाव सागर, गाव मूर्तिजापूर, आणि घोट्याच्या वर पाणी आलं की तो किनाऱ्याकडे बघायला लागतो.) पावसाळ्यात किनाऱ्यावरचं काम बंद असतं, म्हणून सगळ्या वह्या घेऊन मी घरी आले. चार महिन्यांत संख्याशास्त्र शिकायचं आणि आकड्यांतून काय निघतं ते माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवायचं, असं ठरलं. चार महिने मला जास्तच वाटले होते.

संख्याशास्त्र मला पटकन समजलं, हे मी नम्रपणे सांगते. वरूडच्या बाजारात पेटीतली वरची चार संत्री बघून व्यापारी पेटीचा भाव करत नाही, खालीही हात घालतो. बस, नमुना निवडणं म्हणजे एवढंच. अडचण आली ती संगणकाची. ऑनलाइन वर्गातले सर सांगत तसं मी अक्षर न् अक्षर टंकत असे आणि पडद्यावर लाल ओळी उमटत. तीन दिवस एका स्वल्पविरामात गेले. पुढचे दोन दिवस सरासरीच येईना. शेवटी कळलं, की मी सगळे आकडे वहीतल्यासारखे मराठीतून भरले होते आणि तो बिचारा त्यांना अक्षरं समजत होता. 'समुद्र' या शब्दाची सरासरी काढ म्हटल्यावर तुम्ही तरी काय केलं असतं? मी पुन्हा सगळं इंग्रजी आकड्यांत भरलं. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी एकाही आकड्याचा विचार केला नाही, फक्त भरला. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग सरासरी आली. एका चौकटीत एकशे पंचेचाळीस गोगलगायी. मामा, मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारली. आमच्या मॅडमच्या जुन्या नोंदींत ही सरासरी कधी वीसच्या वर गेलेली नव्हती. मला वाटलं, पंधरा वर्षं तिथे काम करून त्यांना जे दिसलं नाही ते वऱ्हाडातल्या दोघांना एका हंगामात दिसलं, कारण आपली नजर नवी. मी त्यांना सविस्तर मेल पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'वह्यांशी पुन्हा ताडून बघ.' मला ते जरा खडूसपणाचं वाटलं. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही चार वेळा शाबास म्हणालात.

ताडून बघायचं तर एकाने वही वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. बाबा झोपले होते, म्हणून आईला बसवलं. अंगणवाडीत तेवीस वर्षं रजिस्टरं भरलेली बाई, तिचा वाचनाचा वेग तुम्हाला माहीत आहे. बारा, नऊ, एकवीस, सात, नऊशे नव्याण्णव, अठरा, असं तिने सुरू केलं. दुसऱ्या नऊशे नव्याण्णवला ती जराशी अडखळली. तिसऱ्याला तिने चष्मा काढून पुसला. चौथ्याला वही मिटली.

"काय वं दीक्षा, ह्या गोगलगाया का एकमेकीले इचारून बसतात?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे हजाराले एक कमी, चारही जागी. तुमच्या त्या सागरनं एवढ्या मोजल्या कवा? पाणी येऊन राह्यलं असन तं पळन का हजार मोजन?" मी वही पुन्हा उघडली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं पोरगं आलं नाही तं वजनाची जागा कोरी ठेवतो. कोनाचं वजन नऊशे नव्याण्णव किलो नाही लिहत."

सागरला फोन लावला. तो म्हणाला, मोजायच्या आधीच भरती आली तर तिथे नऊशे नव्याण्णव लिहायचं, म्हणजे ती जागा चुकून सुटली नाही हे कळतं, मॅडमच्या जुन्या वह्यांत तसंच आहे, आणि हे त्याने त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं आहे. मी पहिलं पान उघडलं. लाल पेनाने लिहिलं होतं. मी दुसऱ्या पानापासून सुरुवात केली होती. (खरं सांगायचं तर भरताना मला सागरचा हेवाच वाटला होता, की भरलेले खडक याच्याच वाट्याला कसे येतात.)

अशा बत्तीस चौकटी होत्या. त्या काढल्यावर सरासरी आली चौदा. त्या रात्री जेवण अर्ध्यावर सोडून ताटात हात धुतला आणि मी तशीच बसून राहिले. आईने काही न विचारता ताट उचललं, आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं लिहून कळवलं, पहिल्या पानासकट. त्यांनी फोन केला आणि रागावल्या नाहीत. उरलेल्या दोनशे आठ चौकटींत काय दिसतं ते विचारलं. तर मामा, त्यात खरोखर काहीतरी आहे. सावलीतल्या खडकांवर सरासरी एकोणीस, उन्हातल्यांवर नऊ. फरक नसताच तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत शंभरात एकदासुद्धा दिसली नसती, हे मी तीन पद्धतींनी तपासलं आणि या वेळी प्रत्येक आकडा वाचून तपासला. पुढच्या महिन्यात हे मी सगळ्यांसमोर मांडणार आहे. भीती अजिबात वाटत नाही. निदान आज दुपारपर्यंत वाटत नव्हती.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना विश्रांती.

तुमची भाची,
दीक्षा

ता. क. आज दुपारी किशोरकाका अकोल्याहून आले (तेच, रोज अकोल्याला नोकरीसाठी ये-जा करणारे). तुमच्या कॉलनीच्या कमानीवर माझा दहा फुटी फोटो लागला आहे, खाली 'एका चौकटीत १४५ गोगलगायी शोधणाऱ्या आपल्या भाचीचा जाहीर सत्कार, रविवारी सकाळी दहा वाजता' असं लिहिलं आहे, हे त्यांच्याकडून कळलं. मला कोणी विचारलं नव्हतं. हे पत्र उद्या त्यांच्याच हाती पाठवते. सत्कार रद्द करता आला तर उत्तम.

ता. क. २. रद्द होत नसेल तर फ्लेक्सवरच्या आकड्यातल्या शेवटच्या पाचावर पांढरा कागद चिकटवा. १४ राहतील. ते अगदी बरोबर आहे आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

ता. क. ३. दादा, मी ललिता. पोरीचं पत्र वाचलं. कागद-बिगद कायी चिकटवू नको, फलक हाय तसाच राहू दे. तिले त्याच्याखाली उभी कर अन हे सारं तिच्याच तोंडानं सांगू दे, लहान पोरंबी समोर बसव. रविवारी सकाळच्या गाडीनं आमी दोघीबी येतो. सागरले बी मूर्तिजापुरावून बोलावलं हाय, वही घेऊन.