सात ऐकू आलं होतं

सर, मी हरलो त्याला आता सव्वा महिना होईल आणि ती मॅच मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तुमचा नियम चालू आहे. तुमच्यानंतर बॉक्सिंगची शेड दादानं घेतली, तुमचा तोच चेला, जो ग्लव्हज काढल्यावर आधी चष्मा शोधायचा. दिवसभर तो टाइल्सच्या दुकानात असतो आणि सकाळ-संध्याकाळ हुडकेश्वरला आपल्या शेडमध्ये. नियम त्यानं जसाच्या तसा ठेवलाय. जिंकलेल्यानं गप्प बसायचं. हरलेल्यानं पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पूर्ण मॅच सांगायची, पहिल्या घंटीपासून. रेफरीचा विषय काढायचा नाही, समोरच्याला शिवी द्यायची नाही, आपले पाय कुठं होते आणि हात कुठं होते तेवढंच बोलायचं. मगच पुन्हा ग्लव्हज. सूट फक्त नॉकआउट झालेल्याला. त्याला आठवतच नाही तर तो काय सांगणार, असं तुम्हीच म्हणायचात. ती सूट मी घेतली.

मला हा नियम पहिल्यांदा लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. जिल्ह्याच्या स्पर्धेत हरलो, रेफरीला चोर म्हणालो, हेडगिअर आपटलं आणि शेडमध्ये जाणंच बंद केलं. तुम्ही बोलवायला याल असं वाटत होतं. आला नाहीत. दहा-अकरा दिवसांनी मीच सायकल काढून हिंगण्याला तुमच्या कंपनीच्या गेटवर आलो. दुपारची पाळी सुटतेय. तुम्ही बाहेर येता, खाकी शर्टच्या बाहीला ऑइल लागलेलं, हातात डबा, आणि मला बघून चेहऱ्यावर काहीच नाही.

"काहून आला?"

"सर, मले परत यायचं आहे."

"मंग सांग मॅच."

"इथी?"

"इथीच. बस यायले टाइम आहे."

कंपनीच्या बसची वाट बघणारे दहा-बारा जण लगेच गोळा झाले. "थांबा बे, पोट्टा मॅच सांगून राहिला." मी सुरुवात केली की तो माझ्यापेक्षा मोठा होता, त्याचे हात लांब होते. तुम्ही म्हणालात, "त्याचे नाही. तुझे पाय सांग." मी पाय सांगितले. मग काखेत हेल्मेट धरलेल्या एकानं विचारलं, "अन् हात? वर व्हता का खाली?" मी म्हटलं, खाली. "मंग काय तो रेफरीनं धरून ठेवला व्हता खाली?" सगळे हसले. मला रडू येत होतं आणि त्या माणसाला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. तुम्ही हसला नाहीत. डबा उघडून उरलेल्या पोळीचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिलात, तिखटाच्या गोळ्यासकट, आणि म्हणालात, "उद्या साडेपाचले."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी नेऊन हाताला बांधायच्या पट्ट्या दिल्यात. तुमच्या घरी आधी उमरेडला हातमाग होते, ते मला तेव्हाच कळलं. तुमच्या वडलांनी विणलेलं तुमच्या लग्नातलं धोतर तुम्ही लांबीत फाडलं होतं. एका कडेनं लाल काठ. बाजारातल्या पट्टीसारखी ती ताणली जात नाही, पण तीन धुण्यांत इतकी मऊ होते की हाताला वेगळी जाणवतच नाही. काकू दारातून म्हणाल्या होत्या, "धोतर गेलं, आता माणूसही द्या त्याले." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. त्याच कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकवून. पाळी करून थकला असाल, झोपला असाल म्हणून शेवटच्या स्टॉपपर्यंत कोणी तुम्हाला हलवलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही मला शिकवत होतात आणि ती मला कधीच जमली नाही. पडलेल्याला रेफरी दहापर्यंत मोजतो, पण मी पडलो की दोनवर उठायचो. रेफरीचं तिसरं बोट वर जायच्या आत मी पुन्हा उभा, डोळे लाल, हात कुठंतरी. तुम्ही एकदा शेडमध्ये माझी कॉलर धरून म्हणालात, "हा तू नाही उठला. राग उठला. परत बस." आणि मला एका गुडघ्यावर बसवून स्वतः मोजू लागलात. "सातवर ऊठ. आठवर हात दाखव. तोवर तिथीच श्वास घे. हे सात तुझे आहेत, कोणी घेऊन नाही जात." मी चारवर उठलो. तुम्ही म्हणालात, "सुधारणा आहे."

आता मॅचचं लिहितो. त्याआधी तिचं लिहायला पाहिजे. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला ती माझ्या वर्गात होती. कँटीनमध्ये एकजण तिच्याबद्दल काहीतरी बोलला आणि मी त्याचे दोन दात पाडले. कॉलेजनं पंधरा दिवस काढलं, सोळाव्या दिवशी मी गेलोच नाही. मला वाटलं होतं ती काही बोलेल. ती एवढंच बोलली, "मी तुला सांगितलं होतं का रे, मार म्हणून?" त्यानंतर वर्षभर काहीच नाही. तिची गाडी ज्या रस्त्यानं जाते तो मला पाठ आहे. तिचा फोटो बदलला की मला आधी कळतं. हे सगळं तुम्हाला सांगताना लाज वाटायला पाहिजे, पण सध्या लाजही वाटत नाही, कशाचंच काही वाटत नाही.

यावेळची स्पर्धा नागपुरातच होती. मी तिला मेसेज केला, ये म्हणून. तिनं वाचला, उत्तर दिलं नाही. पहिला राउंड माझा होता. दुसऱ्यात हॉलचं दार उघडलं आणि मी दाराकडे बघितलं. पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन कोणीतरी आत येत होतं. तेवढ्यात समोरच्याचा उजवा हात हनुवटीवर लागला. मी गुडघ्यावर आलो. कॅनव्हासवर निळ्या टेपचा एक तुकडा सुटलेला होता. रेफरीच्या बुटाची नाडी दोनदा बांधलेली होती. एक, दोन. उठलो नाही. तुम्ही सांगितलं तसाच बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. श्वास घेतला. चार, पाच. कान वाजत होते पण सगळं स्वच्छ दिसत होतं. सहा. सात ऐकू आलं, सर. तुमच्या आवाजात वगैरे नाही, रेफरीच्याच आवाजात, थोडं घोगरं. आणि तिथं खाली बरं वाटत होतं. तिथं कोणी काही विचारत नव्हतं. आठ, नऊ.

मग डॉक्टरनं डोळ्यांत टॉर्च मारला आणि विचारलं, काय झालं आठवतं का. मी म्हटलं, नाही. एवढंच. ते इतक्या सहज तोंडातून निघालं की खरंच वाटलं. डॉक्टरनं महिनाभर विश्रांती लिहून दिली. दादानं माझे ग्लव्हज काढले, तोंडातला गार्ड काढला, लहान पोराचं करावं तसं. रविवारी मी उभा राहायला गेलो, म्हणजे नुसता हललो, तर म्हणाला, "तुले आठवत नाही ना? राहू दे. बस."

आईनं हे फार मनावर घेतलंय. रोज सकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ती माझी परीक्षा घेते. "काल काय भाजी व्हती?" मी म्हणतो, आलू-वांगं. "परवा?" चवळी. "मामाच्या मोठ्या पोरीचं नाव?" मी नाव सांगतो. मग ती भिजवलेले पाच बदाम माझ्या तळहातावर ठेवते आणि वर देव्हाऱ्याकडे बघते. एकदा मी परवाची भाजी खरंच विसरलो तर तिचा हात लाटण्यावरच थांबला. मी म्हटलं, "आई, मस्करी केली." तिनं लाटणं माझ्या पाठीत घातलं आणि मग ती रडली.

आणि कॉलेजमधल्या तिचा फोन येतो. कोणाकडून तरी कळलं असेल. मॅचनंतर तिसऱ्या दिवशी आला, संध्याकाळी सहाला, आणि तेव्हापासून रोज येतो. जास्त बोलत नाही. डोकं दुखतं का, गोळी घेतली का, उजेडाचा त्रास होतो का. मी पाच-साडेपाचलाच गच्चीवर जाऊन बसतो. तिच्यासाठी मी म्हणजे एक दुखणारं डोकं आहे, एवढं मला कळतं. पण वर्षभर तेवढंही नव्हतं.

महिना संपला तसा मी परवा शेडमध्ये गेलो. म्हटलं, दादा, आता सुरू करतो. तो बॅग शिवत होता, मान वर न करता म्हणाला, "डोक्याचा मामला आहे. मी नाही तुले रिंगमध्ये टाकत. पोट्ट्यांले शिकव, तुझा हात चांगला आहे." मी म्हटलं, डॉक्टरनं हो म्हटलंय. "डॉक्टरनं म्हटलं असंल. आणखी एक फटका, अन् तुले काहीच आठवलं नाही, तर मी तुझ्या मायले काय सांगू?" त्याचं बरोबर आहे. ज्याला महिन्याआधीचा ठोसा आठवत नाही त्याला कोणी पुन्हा ठोशासमोर उभं करत नाही. म्हणजे रिंग पाहिजे असेल तर सांगावं लागेल की मला सगळं आठवतं, मी पडलो नव्हतो, बसलो होतो. आणि हे शेडमध्ये सांगितलं की दोन दिवसांत तिच्यापर्यंत जाईल.

काल दुपारी इथपर्यंत लिहून कागद घडी केला होता. आता रविवारची संध्याकाळ आहे.

सकाळी मी उभा राहिलो. दादा म्हणाला, "तू काहून?" मी म्हटलं, मॅच सांगतो. एकजण हळूच म्हणाला, "याले कशी काय याद आली गा?" मी पहिला राउंड सांगितला. दुसरा सांगितला, दार सांगितलं, बाटल्यांचा खोका सांगितला. त्यावर दोघं-तिघं हसले. मग म्हटलं, सात ऐकू आलं होतं. मागे दोरीवर कोणीतरी उड्या मारत होतं, ती दोरी थांबली. दादानं चष्मा काढला.

"आठ?"

"तेही."

"मंग?"

"मंग बसून राहिलो."

"पाय सांग."

"डावा गुडघा खाली. उजवा पाय रोवलेला. उठता येत होतं."

त्यानं चष्मा बनियनला पुसला, पुन्हा घातला. त्याला राग आला असेल तर दिसला नाही. म्हणाला, "दोरी घे. ग्लव्हज अजून महिनाभर नाही." मी विचारलं, डोक्यासाठी? "खोट्यासाठी. डोकं तुझं ठीकच आहे, तोच तर लोचा आहे." मग त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि मला मधे गुडघ्यावर बसवलं. आता महिनाभर रोज शेवटी असंच, सगळ्यांनी मोठ्यानं मोजायचं आणि मी सातवर उठायचं. मोजायला लागले. तीसएक पोट्टे, त्यात ज्यांना मी शिकवायला पाहिजे होतं तेही. माझे कान तापले. मी दोनवरच उठलो. "राग उठला बे, राग!" दादा ओरडला, अगदी तुमच्यासारखा, आणि सगळी शेड हसली. मी पुन्हा बसलो. दुसऱ्या वेळी पाच झाले.

घरी येऊन तुमच्या पट्ट्या धुतल्या, दोरीवर टाकल्या. लाल काठ आता फिका झालाय. आई म्हणाली, "परवाची भाजी?" मी म्हटलं, "आई, आता विचारू नको. मले सगळं आठवतं. तेव्हाही आठवत होतं." तिनं भिजवायला काढलेली बदामाची वाटी परत डब्यात ओतली.

सहाला फोन आला. शेडमधलं अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. तिनं विचारलं, "आज कसं आहे रे? दुखतं का?" समोरच्या घराच्या टाकीवर कावळा बसला होता. मी सात मोजले, मनातल्या मनात, नीट.

मग म्हटलं, "थोडं."

दुखत नव्हतं, सर.