कानाच्या कडेवरची जखम

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

उजव्या कानावरची ती न भरणारी जखम कातडीचा कॅन्सर निघाली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कानाच्या कडेचा तुकडा काढला. सगळं मुळापासून निघालं म्हणतात. चष्मा जरा तिरका बसतो, एवढंच.

माझं डोकं फिरलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. कंपनीच्या डॉक्टरानं आठ महिने खुर्चीतून न उठता मलम दिलं. शेवटी न्हाव्यानं दाढी करताना सांगितलं, की हे लक्षण बरं नाही. बारा वर्षं भर उन्हात छपरांवर पत्रे ठोकतोय. कान-मान झाकणारी टोपी मागितली, की मुकादम म्हणायचा, "नवरदेवाला ऊन लागतं होय?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्याबरोबर वर आणखी कोण असतं?" कंपनीनं सुट्टी नाकारली, तरी मुकादमासकट आमच्या टोळीतल्या अकराही जणांना त्यांच्याकडे तपासायला घेऊन गेलो.

दोघांच्या कातडीचा तुकडा तपासायला घेतलाय. त्यातला एक मुकादमाच्या नाकावरचा. परतताना कंपनीच्या फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "टोप्यांचा अर्ज लिही. पहिली सही माझी."

लिहिला, आणि चांगला खडसावून लिहिला. त्याच्यावर मात्र आता नीट चिडताही येत नाही, याचाच जास्त संताप येतो.

भावोजींच्या मानेवरची खपली भरली का? नसेल तर उद्याच दाखव. आईला माझ्या कानाचं बोलू नकोस.

तुझा,
धाकटा