चुन्याचे ठिपके

२० जुलै १९९७, रविवार
आला! आमच्या सुरतेतल्या नवागामच्या दारात डंपर आला! कामरेजला एका पटेलाच्या शेतात खत वाहून म्हातारा झालेला. आरशाला कारल्याचा वेल — दोन कारली होती, भाजीत घातली. चेतन म्हणाला, "आई, आता लूमखातं सुटलं." अठरा वर्षं कापडाच्या साच्यावर उभा राहून खोकतो माझा लेक. डंपर चालला नाही तर परत तिथंच. चालेलच! मी वर चढून भोंगा दाबला. वाजेना. मग तोंडानंच वाजवला.

२२ जुलै
मिस्त्री लावला — निंबा. आपल्या खानदेशातलाच, पण फार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचा मला भरवसा नाही. मी पानाचा डबा घेऊन समोरच बसले. "आजी, कानबाईच्या सणाला मला रोट खाऊ घालाल ना?" म्हटलं, देवीच्या रोटाला घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू, आमच्याकडं एकट्या चेतनचे. बाहेरच्याला कण मिळत नाही, माहीत नाही का तुला? हसला मेला.

२५ जुलै
तो जेवायला गेला तेव्हा सामानाला चुन्याचे ठिपके लावले. बॅटरीला, जॅकला, हौदा उचलायच्या पंपाला. भांड्यांवर नाव घालतोच ना आपण! नात धनश्री म्हणते, "आजी, गाडीला गोवर आला का?"

२९ जुलै
पंपावर ठिपका नाही. बॅटरीवरही नाही! वरून रंग मारून भलतंच बसवलं की म्हातारीला काय कळतं!

२ ऑगस्ट
हौदा उठला! पलसाण्याला मुरूम टाकला, मी पुढं बसून गेले. पण घरी आल्यावर राहवलं नाही. गल्लीसमोर निंबाला विचारलं, "चोरा, आमचं सामान कुठं विकलंस?" हत्यारं गोळा केली, चहा तसाच टाकून गेला. चेतन जेवला नाही.

५ ऑगस्ट
धनश्रीला घेऊन निंबाच्या घरी गेले, सामान परत आणायला. अंगणात त्याचा स्वतःचा डंपर, विटांवर. ना पंप, ना बॅटरी. खाली आमचा फुटका पंप पडलेला — ठिपक्यासकट. त्याची बायको मंदा म्हणाली, "यांना एका डोळ्यानं दिसत नाही आता, गाडी हाकता येत नाही. म्हणाले, आपली उभीच आहे, चेतनची तरी पळू दे."
पाणी दिलं तिनं.

८ ऑगस्ट, नागपंचमी
कानबाईचे गहू मोजले. सव्वा मूठ चेतनची. सव्वा मूठ निंबाची.