पाचव्या मिनिटाचे गुण

सोमवार, ता. २ सप्टेंबर १९७४

सहा बाळंतपणं. सहाही पोरं पास!

जूनपासून आमच्या प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या प्रत्येक जिवाची परीक्षा होते. वीरभद्रप्पा डॉक्टर मुंबईहून शिकून आले ते हा तक्ता घेऊनच. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, चिमटा काढल्यावरची कुरकुर, अंगाचा रंग — प्रत्येकी दोन गुण. एकूण दहा. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्याला पुन्हा. रंगापुढे छापलंय ‘गुलाबी’. सोलापुरात गुलाबी! मी तळपाय बघते आणि पुढे जाते.

दहा कुणालाच देत नाही. कॉलेजात तर्कशास्त्राचे सर दहातले सहा द्यायचे, तेही उपकार केल्यासारखे. मी नऊपर्यंत जाते — म्हणजे उदारच.

गुरुवार, ता. ५

पाचव्या मिनिटाला बघायला वेळ कुणाला आहे? तेव्हा वार पडायची असते, टाके घालायचे असतात, गोजरबाई आया गरम पाणी कुठे ठेवलं ते विसरलेली असते. मी पहिल्या आकड्यात एक-दोन मिळवते आणि दुसरा लिहून टाकते. रडलेलं पोर पाचव्या मिनिटाला आणखी जोरात रडतं. त्याला घड्याळ कशाला? तीस वर्षं बाळंतपणं करतेय, एवढं कळतं.

शनिवार, ता. ७

डॉक्टर रजिस्टर घेऊन बसले होते. चेहरा खुललेला. "मेट्रनबाई, आपलं एकही मूल पाच मिनिटांत गुणांत खाली आलेलं नाही! पुण्याच्या परिषदेत वाचणार आहे मी हे."

वाचा, म्हटलं. आणखी काय म्हणणार?

मंगळवार, ता. १०

सांगोल्याकडचं मेंढपाळ कुटुंब. मायाक्का, पहिलटकरीण. तिची सासू बजाबाई सकाळपासून दारात ठाण मांडून. गोजरबाईनं तिला गुणांचं सांगितलेलं दिसतंय. "जल्मल्या जल्मल्या परीक्षा? आन् नापास झालं तर परत आत घालताय व्हय?" गप्प बसा, म्हणाले. आत येऊन हसले.

सव्वाअकराला मुलगा झाला. रडला. आठ. गुंडाळून आजीच्या हातात दिला, रजिस्टरात आठ लिहिले, शेजारी नऊ. मायाक्काकडे वळले.

थोड्या वेळानं बजाबाई पडदा सारून सरळ आत — चपलांसकट!

"बाहेर व्हा आधी!"

"मागनं वरडा बाई. ह्यो ढिला पडलाय. पाय बघा की, उचलला का पडतुया. आमच्यात करडू असं झालं तर नाक-तोंड साफ करत्यात आदी."

तळपाय बघितले. निळे! घशात नळी घातली, तोंडानं ओढलं. चिकट गोळा आला. प्राणवायू लावला, तळव्यांवर टिचक्या मारल्या. नाही. पुन्हा नळी. पुन्हा टिचक्या. गोजरबाई देवाचं नाव घ्यायला लागली, तिला ओरडले. मग एक चिरका आवाज — आणि मग आख्ख्या शुक्रवार पेठेला ऐकू जाईल असं रडणं.

"आता किती मार्क?" बजाबाईनं विचारलं.

रजिस्टरात त्याच्यापुढे नऊ होते. शाई वाळलेली.

बुधवार, ता. ११

पोरगं दूध पितंय. बजाबाई म्हणते, "बाई, तुमी लई चांगल्या. पर मेंढरं राखाय तुमाला जमायचं न्हाय."

नऊ खोडले. चार लिहिले. शेजारी सही केली.

डॉक्टरांनी लगेच हेरलं. "तीन महिन्यांत हे एकच खाली कसं आलं?"

"हे एकच बघितलं म्हणून," म्हणाले. बाकीचंही सांगितलं, उभ्यानंच. पुण्याला पाठवायचे कागद टेबलावर होते, ते त्यांनी उचलून खणात ठेवले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, ता. १२

ऑगस्टची पानं उलटली. धुळाप्पांची मुलगी — दुपारी जन्मली, दिवेलागणीला गेली. पहिल्या मिनिटाला सात. पाचव्याला नऊ. जन्मताना ठणठणीत होती, आमच्याकडे लिहिलेलं आहे, असं तिच्या बापाला मीच ठणकावून सांगितलं होतं.

अक्षर माझं.